डावीकडे नावं होती म्हणून

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, मी रेणू हलवते. समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "म्हणजे कार्टून?" पूर्वी मला याचा राग यायचा. आता म्हणते, हो बाबा, कार्टूनच. फक्त माझ्या कार्टूनमध्ये ससे आणि मांजरं नसतात, पेशीच्या आतली प्रोटीनं असतात, आणि ती माझ्याइतकी झकास हलवणारं दुसरं कुणी निदान माझ्या पाहण्यात नाही. सतरा वर्षं हेच करतेय, तेव्हा खोटी नम्रता दाखवायला मला सवड नाही.

माझी खोली संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आणि काचसामानाची कोठी यांच्या मध्ये अडकलेली आहे. दोन मोठे स्क्रीन, खिडकीला कायमचा ओढलेला काळा पडदा, आणि एक खुर्ची, जिचा एक हात सुटून तीन वर्षं झाली आणि बदलून द्या म्हणून मी तीन अर्ज केले. शेजारी कोणी काचेच्या नळ्यांचा ट्रे सरकवला की माझं टेबल किणकिणतं. त्याची मला सवय झालीय, उलट सुट्टीच्या दिवशी शांततेत काम होत नाही.

कामातली मेख सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रेणू इतका बारीक असतो की त्याला हलताना कुणीच पाहिलेलं नसतं. शास्त्रज्ञ त्याला गोठवून त्याचं एक स्थिर चित्र मिळवतात. नशीब जोरावर असेल तर दोन मिळतात, एक तोंड मिटलेलं आणि एक उघडलेलं. मिटलेल्याचं उघडलेलं कसं झालं, हे त्यांना ठाऊक नसतं. ते मधलं सगळं मी भरते. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, आणि त्यातली पहिली आणि शेवटची सोडली तर बाकीची माझ्या डोक्यातली.

आमच्या संस्थेचा लाडका रेणू म्हणजे साखर आत ओढणारा एक पंप. तो पेशीच्या आवरणात बसलेला असतो, वर त्याला एक झाकण असतं. झाकण उघडलं की साखर आत, मिटलं की रस्ता बंद. त्याचं एकच चित्र मिळालंय, झाकण मिटलेलं. सहा वर्षांपूर्वी, मोठे सर, म्हणजे आमचे आधीचे संचालक, इथे होते तेव्हा, मी या पंपाची चाळीस सेकंदांची फिल्म केली. झाकण असं डौलात उजवीकडे कलंडतं, साखरेचा एक रेणू तरंगत येतो आणि अलगद आत जातो. ती फिल्म इतकी चालली की शाळा-कॉलेजांतले शिक्षक धडा नंतर शिकवतात, आधी फिल्म लावतात. माझा दादा चष्म्याचं दुकान चालवतो. तो गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढे अक्षरांचा तक्ता धरायच्या आधी मोबाइलवर माझी फिल्म धरतो आणि विचारतो, "झाकण दिसतंय का? मग डोळे ठीक आहेत."

याच पंपावर माझी वहिनी संशोधन करते. लग्न होऊन आमच्या घरी आली, त्याच वर्षी आमच्या संस्थेतही आली. संस्थेत ती मॅडम, घरी वहिनी. लिफ्टमधून खाली उतरलो की मी तिला अगं-तुगं करते. तिचं आणि माझं बरं आहे. आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी पहिल्या मजल्यावर, ते दोघं तिसऱ्यावर, आणि तिच्या घरची चहापूड संपली की ती बिनदिक्कत माझा डबा उचलून नेते. रागावली की मात्र मला 'वन्सं' म्हणते. हा शब्द आमच्या घरात दुसरं कोणी वापरत नाही, म्हणून कानावर पडला की मी सावध होते.

त्या सोमवारी ती माझ्या खोलीत आली ती चांगल्या मूडमध्ये.

"पंपाची फिल्म नव्याने करून हवीय," ती म्हणाली. "उभी. मुलं सगळं मोबाइलवर बघतात, आडवी फिल्म त्यांना टपाल तिकिटाएवढी दिसते."

"करते. कधीपर्यंत?"

"महिनाअखेर. तेव्हाच मोजपट्टीलाही मोकळं करतेय. तिचं काम पुढे नेण्यात अर्थ नाही."

मी कामाच्या नादात "हो का" म्हणून गेले आणि मग माझ्या डोक्यात शिरलं. मोजपट्टी म्हणजे वहिनीच्या हाताखाली पीएच.डी. करणारी बाई. छत्तीस वर्षांची, दहा वर्षं शाळेत शिकवून मग नोकरी सोडून संशोधनाला आलेली, मुलगी आठवीत. तिला आम्ही मोजपट्टी म्हणतो, कारण तिने माझं कपाट हलवायच्या आधी कपाट मोजलं, दार मोजलं, आणि मग कपाटाचे पाय मोजले. कपाट तेव्हा पहिल्या झटक्यात बाहेर निघालं.

"मोकळं म्हणजे? डिग्रीशिवाय?"

"मग काय करू? अडीच वर्षं एकच प्रयोग करतेय आणि तो जमत नाही." वहिनी खुर्चीच्या सुटक्या हाताशी चाळा करत म्हणाली. "वाईट मलाही वाटतं. मेहनती आहे. पण प्रयोगाला हात लागतो आणि तिचे हात चांगले नाहीत. सरळ सांगितलं मी तिला तसं."

प्रयोग मला माहीत होता, इथे सगळ्यांनाच होता. डब्याचं बिजागरीवालं झाकण उजवीकडे कलंडत असेल, तर त्याची डावी कड उचलली जाणार. ती डावी कड खालच्या भागाला शिवून टाकली तर झाकण उघडणारच नाही. मोजपट्टी रसायनाने तसा एक टाका घालायची. टाका घातला की पंप बंद पडायला हवा. पण तिचा पंप काही बंद पडत नव्हता. दर वेळी झाकण आपलं उघडायचं आणि साखर आपली आत जायची, आणि वहिनी म्हणायची, टाका नीट बसला नाही, परत कर.

वहिनी गेली आणि मी जुनी फाइल उघडली. जुनं काम उघडताना मला मजा येते, आपणच आपल्या पाठीवर थाप मारावी असं वाटतं. फिल्म उभी करायची तर पहिली अडचण नावांची. जुन्या आडव्या फिल्ममध्ये भागांची नावं डाव्या बाजूला एकाखाली एक लिहिली होती. उभ्या स्क्रीनवर डावीकडे जागा कुठली? मी नावं उचलून तळाशी टाकली. डावी बाजू रिकामी झाली, मी मागे टेकून बघितलं आणि माझ्या मनात सहज आलं, की आता झाकण कुठेही कलंडलं तरी चालेल.

आणि मग मला प्रश्न पडला, आधी मी ते उजवीकडेच का नेलं होतं?

मी प्रत्येक फिल्मबरोबर माझ्यापुरतं एक टिपण ठेवते, कुठे काय केलं आणि का. सहा वर्षांपूर्वीचं टिपण उघडलं. माझ्याच शब्दांत लिहिलं होतं: "सर म्हणतात कुठल्याही बाजूला उघड, अजून कोणालाच माहीत नाही, फक्त छान दिसू दे. डावीकडे नावं आहेत, म्हणून झाकण उजवीकडे. उजवीकडे टेंगूळ आडवं येतंय, झाकण त्यातून आरपार जातंय. तेवढ्या वेळात समोरून साखर तरंगत न्यायची."

म्हणजे जिच्यावर वर्गच्या वर्ग खूश होतात ती अलगद तरंगणारी साखर मी एका सेकंदाचा आडोसा म्हणून घातली होती. पंपाच्या उजव्या अंगाला वर आलेल्या टेंगळातून झाकण भुतासारखं आरपार जात होतं, ते दिसू नये म्हणून. फिल्मच्या शेवटी ती करणाऱ्यांच्या नावांची यादी येते, तिच्यात मी "मधली हालचाल कल्पित" अशी ओळही टाकली होती. पण नावांची यादी लागली की शिक्षक फिल्म बंद करतात हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

दुपारभर मी बाकीच्यांचे लेख उघडत बसले. पंपावर लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या चित्रात झाकणाजवळ एक बाण होता आणि तो उजवीकडे वळलेला होता. हा त्याचा आधार देतो, तो ह्याचा. मागे मागे जात राहिले तर सगळ्यात जुना बाण माझ्या फिल्मनंतर सात महिन्यांनी काढलेला. एकाने तर टेंगूळच गाळून टाकलं होतं. झाकण कुठे कलंडतं हे कुणीही मोजलं नव्हतं. मोजणारी एकच बाई होती, आणि तिला महिनाअखेरीस घरी पाठवायचं ठरलं होतं.

मला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. लाजेच्या मागोमाग राग आला, की एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, उजवीकडे कशावरून? आणि मग तो राग आपल्या कामाचा नाही हेही कळलं. गुपचूप नवी फिल्म करून दिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. पण मी सतरा वर्षं ताठ मानेने वावरते ती स्वतःच्या कामाच्या जोरावर, आणि हे असं दडपून मान ताठ राहिली नसती.

संध्याकाळी दादाच्या घरी गेले. तो ताटं मांडत होता. मी दारातूनच म्हटलं, "वहिनी, पंपाचं झाकण उजवीकडे उघडतं हे तू कशावरून धरलंस?"

"हा काय प्रश्न झाला? सगळ्यांच्या लेखांत आहे."

"सगळ्यांनी ते माझ्या फिल्मवरून घेतलंय. आणि मी उजवीकडे उघडलं, कारण डावीकडे नावं लिहायची होती."

दादा हातात चमचे घेऊन तसाच उभा राहिला. वहिनीला आधी कळलंच नाही. मग मी टिपण वाचून दाखवलं, टेंगळाचं सांगितलं, साखरेच्या आडोशाचंही सांगितलं.

"वन्सं," ती म्हणाली, "मी चार वर्षं तुमच्या कार्टूनवर संशोधन करतेय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं. "नकळत, पण हो."

"मला समजत नाही, असंच ना?"

"तुला माझ्या दसपट समजतं. पण तू इथे मुलाखतीला आलीस तेव्हा तयारी म्हणून ही फिल्म किती वेळा बघितली होतीस? तूच सांगितलं होतंस, पाठ झाली होती. पाठ झालेल्या गोष्टीला कोण प्रश्न विचारतं? मीसुद्धा विचारला नसता."

"जेवून बोला," दादा म्हणाला. पण वहिनी उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दादाने माझ्या ताटात वाढलं, मी चार घास कसेबसे गिळले. त्याने मला दारापर्यंत सोडताना एवढंच म्हटलं, "सांगितलंस ते बरं केलंस. आता तिला जरा वेळ दे. तिला चूक दाखवलेली चालते, पण पचायला रात्र लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संस्थेत पोचले तर वहिनी माझ्या खोलीच्या दारात उभी. डोळे सुजलेले, पण केस नीट बांधलेले आणि हातात वही-पेन.

"दाखव," ती म्हणाली. तेवढ्यावरून मला कळलं की आपण परत माणसांत आलो.

मी साखर काढून टाकली आणि झाकण सावकाश उजवीकडे नेलं. ते टेंगळात शिरलं आणि पलीकडून बाहेर आलं, जणू मध्ये काही नव्हतंच. तिने ते तीनदा बघितलं.

"आता डावीकडे ने."

डावीकडे नेलं. कुठेही अडलं नाही, कशालाही धक्का लागला नाही, झाकण सरळ जाऊन बसलं. मला पटकन "बघ!" म्हणावंसं वाटलं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "हा पुरावा नाही हं. छान बसतं म्हणून खरं, असं धरूनच आपण इथवर आलोय."

"तेवढं कळतं मला," ती फणकारली. मग पेन टेबलावर ठेवून तिने झाकणाच्या डाव्या कडेवर बोट टेकवलं. "झाकण डावीकडे कलंडत असेल तर बिजागरी डावीकडे. म्हणजे डावी कड उचललीच जात नाही. तिथे टाका घातला काय, न घातला काय. पंप चालूच राहणार." तिने वही मिटली. "तिने मला अडीच वर्षं हेच सांगितलं गं. दर आठवड्याला येऊन सांगितलं. आणि मी तिला म्हणत राहिले की तुझे हात वाईट आहेत."

मी फाइल बंद केली आणि उठले.

आम्ही दोघी चौथ्या मजल्यावर गेलो. मोजपट्टी आपलं टेबल आवरत होती. बाटल्यांवरच्या स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या ती नखाने खरवडून काढत होती आणि निघालेल्या चिठ्ठ्या एका बशीत रचून ठेवत होती. आम्हाला बघून उभी राहिली.

"मॅडम, महिनाअखेरपर्यंत कशाला थांबू? दुपारपर्यंत जागा मोकळी होईल," ती म्हणाली.

"आधी हिचं ऐक," वहिनी म्हणाली.

मग मी सांगितलं, उभ्या उभ्या, आढेवेढे न घेता. नावं, टेंगूळ, साखर, सगळं. सांगून झाल्यावर म्हटलं, "चूक माझी आहे. तुझ्या हातांची नव्हती."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर हसेल. तिने यातलं काहीच केलं नाही. तिने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मी घरी आरशासमोर हात धरून बघायचे. थरथरतात का म्हणून. मुलीने एकदा विचारलं, आई, तुला काही झालंय का?" आणि मग तिचा आवाज चढला. "तुम्हाला एक ओळ लिहिता आली नाही? फिल्मच्या सुरुवातीला? मोठ्या अक्षरांत?"

"आली असती," मी म्हटलं. "चित्र बिघडेल म्हणून लिहिली नाही."

"चित्र!" ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. तिचा तो राग मी मान खाली न घालता घेतला. तिचा हक्क होता.

वहिनीने हात पुढे केला. "तुझी प्रयोगवही दे."

मोजपट्टीने कप्प्यातून एक जाड वही काढली. कडेने फुगलेली, प्रत्येक पानाला क्रमांक घातलेला. वहिनीने ती उघडली. पहिल्या पानावर आकड्यांचा तक्ता, एकही आकडा वेडावाकडा नाही, आणि खाली वहिनीच्या अक्षरात लाल शाईने लिहिलेलं, "फसला." दुसऱ्या पानावर "फसला." तिसऱ्या पानावर "फसला, पुन्हा करावा." असे त्रेचाळीस प्रयोग.

प्रयोगवहीत लिहिलेलं पुसायचं नसतं. खोडायचंच तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही आणि तारीख टाकायची. वहिनीने पेन काढलं. पहिल्या "फसला"वर रेघ मारली, शेजारी लिहिलं, "यशस्वी. उत्तर समजायला मी कमी पडले." सही केली, तारीख टाकली.

"झाकण नेमकं कुठे उघडतं ते आपल्याला अजून माहीत नाही," ती मोजपट्टीकडे न बघता म्हणाली. "पुढच्या आठवड्यात टाका उजवीकडे घालून बघू. म्हणजे आपण नाही, तू बघशील. पण हे फसलेले नव्हते. तू कुठेही जात नाहीयेस. थांबशील ना?"

मोजपट्टीने मान हलवली. बशीतल्या चिठ्ठ्या तिने उचलल्या आणि एक चिठ्ठी परत बाटलीवर दाबून बघितली. ती चिकटेना.

मी वहीची पानं उलटत गेले आणि वहिनी खोडत गेली. रेघ, शब्द, सही, तारीख. कुठलाही शब्द तिने आखडून लिहिला नाही, प्रत्येक वेळी पुरं वाक्य लिहिलं. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. मी पान उलटलं, एकविसाव्या "फसला"वर वहिनीने पेन टेकवलं, तेवढ्यात मोजपट्टी स्टुलावरून उठून आली आणि तिने पानावर तळहात ठेवला.

"हा राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "हा खरंच फसला होता. त्या दिवशी माझ्या हातून बाटली सांडली होती."